पाटीवरची तारीख

माझ्या थोरल्या मुलीच्या लग्नाचा एक फोटो आमच्या बैठकीत लावलेला आहे. नवरा-नवरी, दोन्हीकडचे आईबाप, आणि नवरदेवाच्या पायाशी टेकवून ठेवलेली शाळेतली काळी पाटी. पाटीवर खडूनं त्या दिवसाची तारीख, वार आणि गाव. जावयाचा एक पुण्याचा मित्र मध्यंतरी घरी आला होता. तो फोटोसमोर उभा राहून म्हणाला, "काका, कार्यालय मिळालं नव्हतं का? लग्न शाळेत केलंत?" मी म्हणालो, "कार्यालय होतं रे, फोटोग्राफर तसा होता." सगळे हसले, मीही हसलो. पाटीची खरी गोष्ट सांगायची तर माझं स्वतःचंही वागणं सांगावं लागतं, आणि ते मी बरीच वर्षं टाळत आलो आहे.

त्या फोटोग्राफरचं नाव मुनीरचाचा. वरवट बकालच्या बाजाराच्या रस्त्याला त्यांचा स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे दहा बाय बाराची खोली, मागे निळा पडदा, एक स्टूल, भिंतीला आरसा आणि आरशाला सुतळीनं बांधलेला कंगवा. मी तेव्हा त्या भागात कृषी सहायक होतो. एसटीची वाट पाहायला त्यांच्या ओट्यासारखी सावली दुसरीकडे नव्हती, म्हणून आमची ओळख झाली आणि वाढली.

माणूस उंच, जरा पुढे वाकलेला, खांद्यावर मोठ्या रुमालासारखी दस्ती. शर्ट मात्र कायम पांढरा, इस्त्रीचा. चुन्याच्या भट्टीवर फोटो काढायला निघाले तरी शर्ट पांढराच. मी एकदा छेडलं तर म्हणाले, "साहेब, फोटू काढनारा मळका असला तं समोरचा बी आखडून बसते." गिऱ्हाईक स्टुलावर बसलं, की त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं. "हला नका. पन श्वास घ्या." आमच्याकडची माणसं कॅमेऱ्यासमोर दम रोखून डोळे वटारून बसतात. चाचांना ते खपायचं नाही. "दम रोखलेला फोटू मयतावानी येते," म्हणायचे, आणि समोरच्याची छाती खाली-वर झालेली दिसल्याशिवाय बटण दाबायचे नाहीत. रेशनकार्डाच्या घाईत असलेली माणसं वैतागायची. चाचा ढिम्म.

दुसरी सवय तारखेची. प्रत्येक फोटोच्या पाठीमागे ते शिसपेन्सिलीनं नाव, गाव, तारीख लिहायचे. मराठी अक्षर ओबडधोबड, पण आकडे मोत्यासारखे. तारीख नसलेला फोटो त्यांना अर्धवट वाटायचा. "उद्या नातू विचारन, हा कोन, कव्हाचा? तं फोटू बोलन का? मागची पेन्सिल बोलते." हे ध्यानात ठेवा, कारण हीच सवय मी मोडायला लावली.

बीटी कपाशी आमच्याकडे नवी-नवी आली होती, ती ही वर्षं. खेड्याखेड्यांत तिचीच बोलणी. कोणाचं बियाणं साधलं, कोणाचं फसलं, कोणाचं पाकीट अस्सल, कोणाचं बोगस. आमच्या ऑफिसात तक्रारींचा ढीग. वरून हुकूम आला की पाहणीला फोटो जोडा आणि फोटोत तारीख दिसली पाहिजे. चाचांच्या रोलच्या कॅमेऱ्यात छत्तीस फोटो संपायचे तेव्हा रोल मलकापूरला धुवायला जायचा. तोवर शेतात दुसरं पीक उभं. मीच त्यांच्या मागे लागलो. "चाचा, डिजिटल घ्या. कोपऱ्यात तारीख आपोआप येते." महिनाभर त्यांनी हो-नाही केलं आणि एक दिवस आम्ही दोघं मलकापूरला गेलो.

ती खरेदी पाहण्यासारखी होती. दुकानदारानं काउंटरवर चार-पाच छोटे कॅमेरे मांडले आणि झूमचे आकडे सांगायला सुरुवात केली. हा इतक्या पटीचा, तो तितक्या पटीचा. चाचांनी एक उचलला, दुकानाबाहेर आले आणि रस्त्यापलीकडे कापसाच्या गाठींनी भरलेल्या ट्रकवर रोखला. ट्रकच्या मागे लिहिलेला नंबर जवळ येऊ लागला. भिंग पुढे सरकायचं थांबलं, तरी चित्र मोठं होतच राहिलं आणि नंबर फुटून त्याचे ठिपके-ठिपके झाले. चाचा आत आले. "भाई, भिंग सरकते तोवर खरा झूम. त्याच्या पुढचा खोटा. खोट्याचे पैसे मी देत नाही. खऱ्याचं सांग." दुकानदारानं त्यांच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. शेवटी तीन पटीच्या खऱ्या झूमचा एक बसका, साधा कॅमेरा त्यांनी निवडला. दोन गोष्टींसाठी. एक, त्याला डोळा लावून पाहायची बारीक खिडकी होती. भर उन्हात कॅमेऱ्याच्या मागचा पडदा काळाठिक्कर दिसतो आणि आपलं सगळं काम उन्हातलं. दुसरं, त्याला साधे पेन्सिल सेल चालायचे. लोडशेडिंगच्या दिवसांत चार्ज करायची बॅटरी घेऊन करायचं काय? दोन्ही कारणं शंभर टक्के बरोबर होती. माणूस चुकतो तो नेहमी चुकीच्या कारणानंच चुकतो असं नाही.

येताना एसटीत मी माझ्या अकलेचे तारे तोडले. "चाचा, पडदा बंदच ठेवत जा, सेल वाचतील. आणि काम झालं की सेल काढून ठेवा. आत राहिले की फुटतात, कॅमेरा खातात." आमच्या घरचा रेडिओ तसाच गेला होता, म्हणून सांगितलं. आणि वर हेही म्हणालो, "आता मागे पेन्सिलीनं लिहायची कटकट नाही. यंत्रच लिहितं." चाचा कॅमेऱ्याच्या डबीवरून हात फिरवत हसले. "बरं हाय. माह्या अक्षराले लोक नाही तरी हासतेतच."

त्या झूमवरून एक प्रसंग आठवतो. जवळच्या एका गावात एका घरी वाईट घटना घडली होती. कर्ता माणूस गेला होता. शहरातून एक बातमीवाला आला. त्याचा कॅमेरा ऐनवेळी बिघडला म्हणून त्यानं चाचांना गाठलं. घराच्या समोर निंबाखाली उभं राहून म्हणाला, "आत जायची गरज नाही. इथूनच झूम करा, त्याच्या बायकोचा चेहरा घ्या, तिला कळणारही नाही." चाचांनी कॅमेरा दस्तीत गुंडाळला आणि थैलीत टाकला. "झूम बोंडासाठी हाय, साहेब. झाडाच्या शेंड्याची अळी दिसाले पाह्यजे म्हनून घेतला. मानसाच्या जवळ पायानं जा लागते." तो चिडला. चाचा खरंच पायानं आत गेले. थैली दाराबाहेर ठेवली, ओसरीत बसले, त्या बाईच्या सासऱ्याशी अर्धा तास बोलले आणि फोटो न काढता परत आले. मी तिथंच होतो. बातमीवाला मला म्हणाला, "म्हातारा चक्रम आहे." मी काही बोललो नाही. गप्प बसण्याचा मला सरावच होता म्हणा ना.

आता वच्छलाबाईंचं सांगतो.

वरवटपासून दोन कोसांवर त्यांचं शेत. नवऱ्याला दम्याचा त्रास, त्यामुळे शेती पहिल्यापासून बाईंच्या हातची. आणि हात असा, की गावातली गडीमाणसं पेरणीआधी त्यांच्या दारात येऊन विचारायची, "वच्छलाबाई, यंदा कव्हा टाकायचं?" बाई आकाशाकडे बघायच्या, माती मुठीत घ्यायच्या आणि सांगायच्या. तोच त्यांचा मान होता. दागिने नव्हते, पण हा शब्द होता.

त्या वर्षी बाईंनी नव्या बियाण्याचं पाकीट आणलं. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, वाढली, माणसाच्या डोक्यावर गेली. हिरवीगार. पण बोंडं नाहीत. जी चार धरली ती किडकी. बाजूच्या शेतात दुसरं बियाणं, तिथं झाडं कमरेएवढी आणि बोंडांनी लदलेली. गावात कुजबुज सुरू झाली. बाईनं खत जास्त टाकलं, बाईनं उशिरा फवारलं, शेवटी बाईचीच शेती. वच्छलाबाई माझ्याकडे आल्या, रिकामं पाकीट आणि पावती पदरात बांधून. "साहेब, मले भरपाई भेटो का न भेटो. पन बियानं खोटं होतं, मी खोटी नव्हती, येवढं कागदावर लिहून द्या."

मी पाहणी केली, अहवाल लिहिला. चाचांनी फोटो काढले. धुऱ्यावर, बांधावर उभं राहून पूर्ण शेत, मग झूम करून शेंड्याच्या गळलेल्या पात्या, म्हणजे कळ्या, मग बाई झाडाशेजारी, रिकामं पाकीट हातात धरून. "हला नका, पन श्वास घ्या." बाईंनी खोल श्वास घेतला. तो फोटो इतका बोलका आला होता की मी ऑफिसात सगळ्यांना दाखवला. चौकशीची समिती यायला फार उशीर झाला. तोवर बाईंनी पऱ्हाटी उपटून हरभरा पेरला होता. शेत रिकामं ठेवून कोण बसतं? त्यामुळे पुरावा म्हणून उरले ते फोटोच.

बुलडाण्याला तक्रारीची सुनावणी होती. आम्ही तिघं एकाच एसटीनं गेलो. बाईंनी ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. बियाण्याच्या कंपनीच्या वकिलानं फोटो हातात घेतला, चष्मा वर केला आणि अगदी गोड आवाजात विचारलं, "बाई, पाकीट कधी घेतलं?" बाईंनी यंदाचा महिना सांगितला. "मग हा फोटो कुठल्या शेताचा आणता?" त्यानं कोपऱ्यावर बोट ठेवलं. केशरी आकड्यांत तारीख होती. एक जानेवारी, आणि साल दोन वर्षांपूर्वीचं. बाईंनी ते बियाणं पाहिलंही नव्हतं तेव्हाचं.

सगळ्या फोटोंवर तेच. आम्ही सगळ्यांनी पीक पाहिलं होतं, पात्या पाहिल्या होत्या, कोपरा कोणी पाहिला नव्हता. अहवालाला फोटो चिकटवून त्याखाली सही करणारा मी, मीही नाही.

चाचा उठून उभे राहिले. "साहेब, बाई सच्ची हाय. मशीनची बी गलती नाही. गलती माह्यी हाय." वकील म्हणाला, "मग आणखी काय काय चुकलंय तेही सांगून टाका." दोघं-तिघं हसले. मला विचारलं तेव्हा मी एवढंच म्हणालो की शेत मी पाहिलं आहे. कसं झालं हे मला त्याच क्षणी उमगलं होतं. सेल काढले की त्या यंत्राची तारीख पुसली जाते आणि ते आपलं पहिल्यापासून मोजायला लागतं. पडदा बंद, म्हणून दिसत नाही. सेल काढायला मी सांगितलं होतं, पडदा बंद ठेवायला मी सांगितलं होतं. ते तिथं बोललो असतो तर माझ्या अहवालाची आणि माझ्या नोकरीची काय गत झाली असती, या विचारानं मी तेवढ्यावरच थांबलो. बोललो असतो तर निकाल बदलला असता असंही नाही. पण बोललो नाही, हे खरं.

तक्रार गेली. परतीच्या एसटीत वच्छलाबाई खिडकीशी बसल्या होत्या. घाट उतरला, खामगाव मागे पडलं. उतरताना चाचांना म्हणाल्या, "जाऊ द्या, चाचा. तुमी कायले रडता?" तेव्हा माझ्या लक्षात आलं की चाचा दस्तीनं घाम पुसत नव्हते.

पुढच्या वर्षी पेरणीच्या वेळी बाईंच्या दारात कोणी विचारायला गेलं नाही.

पाटी त्यानंतर आली. चाचांनी बाजारातून शाळेची पाटी आणि खडूचा डबा आणला आणि तेव्हापासून पाटीशिवाय एकही फोटो काढला नाही. पाहणीचा असो, बारशाचा असो, लग्नाचा असो. आधी चार जणांना तारीख विचारायची, कॅलेंडर पाहायचं, मग पाटीवर लिहायची. ओट्यावर मी दिसलो की पहिला प्रश्न, "साहेब, आज तारीख काय?" मी सांगायचो. मग चहावाल्याला विचारायचे. मग मेडिकलवाल्याला. लोक टिंगल करायचे. पोरीचं स्थळ पाहायला फोटो काढायचा तर मांडीवर पाटी! एक बाप संतापून म्हणाला, "चाचा, आरोपी हाय का बे माह्यी पोरगी?" चाचांनी त्याला हात जोडले, पण पाटी काढली नाही. गिऱ्हाईक तुटत गेलं. समोरच्या गल्लीत नवा कलर स्टुडिओ आला. चाचांचं त्याकडे लक्षच नव्हतं.

आणि दर वर्षी वेचणीच्या आधी ते वच्छलाबाईंच्या शेतात जायचे, कोणी न बोलावता. पाटी पऱ्हाटीच्या बुडाशी ठेवायची, बाईंना उभं करायचं, फोटो काढायचा, एक प्रत त्यांना द्यायची. पहिल्या वर्षी बाई म्हणाल्या होत्या, "आता काय उपेग, चाचा?" चाचा म्हणाले, "उपेग नाही. पन यंदाची कपाशी कशी हाय थे दिसू द्या लोकाइले." त्या वर्षी बाईंची कपाशी गावात एक नंबर होती. चाचांनी तो फोटो मोठा करून स्टुडिओच्या दर्शनी काचेत लावला, नट-नट्यांच्या जागी. दोन-तीन वर्षांनी बाईंच्या दारात पुन्हा माणसं दिसू लागली. फोटोनं झालं असं मी म्हणणार नाही, बाईंच्या हातानं झालं. पण काचेतला फोटो चाचांनी शेवटपर्यंत काढला नाही, दर वर्षी नवा लावला.

माझी बदली सिंदखेड राजाकडे झाली, दुसरबीडला बरीच वर्षं काढली. थोरलीच्या लग्नाचे फोटो काढायला चाचांनाच बोलावलं, ते पाटी घेऊन आले, पण त्या गडबडीतही बोलायचं राहून गेलं. निवृत्त झाल्यावर एका ऑक्टोबरात मी मुद्दाम वरवटला गेलो. मनाशी ठरवून गेलो होतो की या वेळी बोलायचंच. चाचा खूप थकले होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशनला तयार नाहीत. खिडकीला डोळा लावणं सुटलं होतं, पडदाच चालू ठेवायचे आणि छत्रीच्या सावलीत अंदाजानं पाहायचे. शर्ट पांढराच. योगायोगानं ते त्याच दिवशी वच्छलाबाईंच्या शेतात निघाले होते. मी छत्री घेऊन सोबत निघालो.

गाडीवाटेत मी बोललो. सेलचं, पडद्याचं, पेन्सिलीचं, सगळं. चाचा काठी टेकत चालत राहिले. मग म्हणाले, "मले त्याच दिवशी समजलं होतं, साहेब. बुलडान्याले. तुमच्या तोंडाकडे पाह्यलं अन् समजलं."

"मग तिथं बोलला का नाहीत?"

"तुमची नौकरी होती, लेकरं लहान होते. माह्यं काय, दुकान." थोडं पुढे जाऊन म्हणाले, "तुमी सांगतलं, पन पेन्सिल तं मीच बंद केली ना. ऐकाले नको होतं." मला वाटलं होतं सांगितल्यावर हलकं वाटेल. तसं काही झालं नाही.

बाईंच्या घरी पाणी प्यायला थांबलो. चाचा ओसरीत टेकले. बाईंनी मला आत बोलावलं आणि पत्र्याच्या पेटीतून फोटोंचं पुडकं काढलं. सगळ्या वर्षांचे फोटो, सगळ्यांत पाटी. शेवटच्या तीन फोटोंवर त्यांनी बोट ठेवलं. पाटीवर खडूनं तारीख अगदी बरोबर, आणि खाली कोपऱ्यात केशरी आकडे. एक जानेवारी, तेच जुनं साल. म्हाताऱ्या यंत्राला आता तारीख धरवत नव्हती आणि चाचांना दिसत नव्हतं. बाई हळू आवाजात म्हणाल्या, "तीन सालापासून असेच येऊन राह्यले. त्याइले सांगू नका, साहेब. जीव देतीन थे."

शेतात गेलो. पऱ्हाटी कमरेएवढी, खालची बोंडं फुटायला लागली होती. चाचांनी पाटी बुडाशी ठेवली, हातानं चाचपून सरळ केली. मी छत्री धरली. त्यांनी कॅमेरा चालू केला आणि नेहमीसारखा बाईंच्या पुढे केला. "वच्छलाबाई, कोपऱ्यात पाह्य बरं. तारीख बराबर हाय ना?"

बाई वाकल्या. मीही छत्रीखालून पाहिलं. पडद्यावर एक जानेवारी होती. बाईंनी मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, मग झाडाच्या बुडाशी ठेवलेल्या पाटीकडे पाहून एकेक आकडा मोठ्यानं वाचला. दिवस, महिना, साल.

"बराबर हाय, चाचा."

चाचांनी माझ्याकडे तोंड वळवलं. "साहेब, तुमी बी पाहा. तुमचे डोये चांगले हायेत."

तारखेच्याच सवालाला मी एकदा गप्प बसलो होतो. या वेळी म्हणालो, "बरोबर आहे, चाचा."

त्यांचा चेहरा सैल झाला. बाई पऱ्हाटीजवळ जाऊन उभ्या राहिल्या, पदर सारखा केला. चाचांनी कॅमेरा छातीशी धरला. समोरचं काही दिसत नव्हतं, तरी झूमची कळ दाबली नाही, दोन पावलं पुढे चालत गेले.

"हला नका," ते म्हणाले. "पन श्वास घ्या."

आणि बाईंची छाती खाली-वर झाली की नाही हे दिसत नसल्यामुळे, ऐकू येण्याची वाट पाहत तसेच उभे राहिले.